गुडघा, जीवनसत्त्वे आणि वारीची वाट

(दिंडीच्या शतकपूर्तीनिमित्त झालेल्या भाषणाचा मजकूर. बोलण्याची भाषा शक्य तितकी तशीच ठेवली आहे.)



ज्या व्यासपीठावरून कीर्तन ऐकायचं, तिथं डॉक्टरला उभं केलंत, हे तुमचं मोठेपण. मला कीर्तन येत नाही. हाडं आणि सांधे यांचं थोडंफार समजतं, तेवढंच बोलतो.

ज्येष्ठ लागायला आला की दवाखान्यात एक वाक्य रोज ऐकू येतं. "डाक्टरसाहेब, वारीले जा लागते, गुडघे लय दुखून राह्यले. एखांदी ताकदीची सुई देऊन द्या." कोणी व्हिटॅमिनच्या गोळ्यांचं पाकीट पुढं करतं, "पोरानं पुण्याहून पाठवलं, हे घेतलं तर गुडघा भरून येते का?" आज त्याच प्रश्नाचं उत्तर द्यायचं आहे.

उत्तर आधीच सांगतो, म्हणजे मागं बसलेल्यांना ताटकळावं लागणार नाही. झिजलेला गुडघा कोणत्याही जीवनसत्त्वानं भरून येत नाही. पण शरीरात जीवनसत्त्व कमी असेल, तर गुडघ्याला धरून ठेवणारं हाड, मांस आणि नस कमजोर होते. म्हणून कमतरता भरायची, ती जमेल तितकी ताटातून भरायची, आणि गुडघा वाचवायचं काम वजन, मांडीची ताकद आणि रोजचं चालणं यांच्याकडं सोपवायचं. आता हे असं का, ते पाहू.

गुडघ्यात दोन हाडांची टोकं समोरासमोर येतात. त्या टोकांवर गुळगुळीत, पांढरी, चिवट गादी असते. तिला कूर्चा म्हणतात. या गादीत रक्तवाहिनी नसते. मग तिला अन्न मिळतं कुठून? सांध्यात जे वंगण असतं, त्यातून. पाऊल टाकलं की गादी दाबली जाते, उचललं की फुगते, ओल्या फडक्यासारखी. या दाबण्या-सोडण्यातून वंगणातलं पोषण आत जातं. म्हणजे बसून राहिलेल्या गुडघ्याची उपासमार होते. चालणं हे त्याचं जेवण आहे. "चालून चालून गुडघे झिजले" असं आपण म्हणतो. नुसत्या बेतानं चालण्यानं चांगला गुडघा झिजत नाही. जास्तीचं वजन, जुना मार, वय, घराण्यातला गुण, वर्षानुवर्षं उकिडवं बसून केलेलं निंदण आणि सोंगणी, यांनी तो झिजतो. बायांमध्ये पाळी गेल्यावर हा त्रास जास्त दिसतो.

हा त्रास आपल्या एकट्याचा नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकडेवारीप्रमाणे २०१९ साली जगात सुमारे ५२ कोटी ८० लाख लोकांना सांध्यांची झीज होती, त्यातले साडेछत्तीस कोटी गुडघ्याचे. रुग्णांत शंभरातल्या साठ बाया. आपल्या राज्यातलंही एक काम सांगतो. पुणे जिल्ह्यात उजनीच्या पाणलोटाजवळ भिगवण गाव आहे. भीमेचं हेच पाणी पुढं पंढरीत चंद्रभागा म्हणून आपल्याला भेटतं. त्या भिगवणात १९९६ साली डॉ. अरविंद चोप्रा यांच्या पथकानं घरोघरी जाऊन चार हजारांहून जास्त मोठ्या माणसांना सांधे आणि स्नायूंच्या दुखण्याबद्दल विचारलं. शंभरात अठरा जणांना दुखणं होतं. ही कष्टकरी, खेड्यातली माणसं. तेव्हा "शहरातल्या बसून खाणाऱ्यांचा आजार" हा समज काढून टाका.

आता जीवनसत्त्वांकडं येऊ. जीवनसत्त्व म्हणजे अन्नात अगदी थोडं असणारं, पण ज्याच्यावाचून शरीराचं काम अडतं असं द्रव्य. विटा, सिमेंट असलं तरी गवंडी नसेल तर भिंत उभी राहत नाही, तसं. पण गवंडी दुप्पट लावले म्हणून विटा दुप्पट होत नाहीत. हे ध्यानात ठेवा, पुढं कामी येईल.

पहिलं क जीवनसत्त्व, दवाखान्याच्या भाषेत व्हिटॅमिन सी. गुडघ्याची गादी ज्या चिवट धाग्यांनी विणलेली असते, ते धागे तयार व्हायला क लागतं. १९९६ साली अमेरिकेत फ्रॅमिंगहॅम गावच्या लोकांचा अभ्यास छापून आला. ज्यांच्या जेवणात क बऱ्यापैकी होतं, त्यांच्या झिजलेल्या गुडघ्याची झीज पुढं वाढण्याचा धोका बराच कमी दिसला. पण नव्यानं होणारी झीज टळली नव्हती. या बातमीनं गोळ्यांचा बाजार तेजीत आला. पुढं २००४ साली गिनीपिग नावाच्या प्राण्यावर प्रयोग झाला. माणसासारखंच त्यालाही क शरीरात बनवता येत नाही. फार जास्त क दिलेल्या जनावरांचे गुडघे उलट जास्त बिघडले. जनावराचा निकाल माणसाला तसाच्या तसा लावता येत नाही, पण जास्त म्हणजे चांगलं हा हिशेब खोटा आहे, एवढं त्यातून कळतं. जेवणात लिंबू, पेरू, आवळा घ्या. क च्या मोठ्या गोळ्यांच्या मागं लागू नका.

दुसरं ड, म्हणजे व्हिटॅमिन डी. त्याच गावच्या अभ्यासात ड कमी असलेल्यांचे गुडघे लवकर बिघडताना दिसले. मग शास्त्रज्ञांनी खरी कसोटी घेतली. अर्ध्या लोकांना ड दिलं, अर्ध्यांना तशीच दिसणारी पोकळ गोळी, आणि कोणाला काय मिळालं हे कोणालाच सांगितलं नाही. २०१३ साली अमेरिकेत १४६ जणांवर दोन वर्षं. २०१६ साली ऑस्ट्रेलियात ४१३ जणांवर दोन वर्षं, आणि त्यात तर रक्तात ड कमी असलेलेच लोक घेतले होते. त्याच वर्षी इंग्लंडात ४७४ जणांवर तीन वर्षं. तिन्ही ठिकाणी रक्तातलं ड वाढलं, पण गुडघ्याची झीज ठळकपणे थांबली नाही. ई जीवनसत्त्वाचीही ऑस्ट्रेलियात दोन वर्षं परीक्षा झाली, तिथंही गादीची झीज कमी झाली नाही. पालेभाजीतलं के जीवनसत्त्व ज्यांच्या रक्तात कमी, त्यांच्यात झीज जास्त आढळली, पण गोळीनं गुडघा सुधारतो असं अजून सिद्ध झालेलं नाही.

असं कसं झालं? जेवणात क आणि के भरपूर म्हणजे ताटात भाजी-फळं भरपूर. असा माणूस बहुतेक चालता-फिरता, आटोपशीर वजनाचा असतो. ज्याच्या अंगात ड चांगलं, तो उन्हात फिरणारा. फायदा त्या सगळ्या राहणीचा. तिच्यातली एक गोष्ट काढून गोळीत भरली, म्हणून राहणी गोळीत येत नाही.

मग ड वाया का? नाही. ड कमी पडलं तर हाडांत चुना नीट बसत नाही. कंबर, मांड्या, पिंढऱ्या ठणकतात. जमिनीवरून उठताना हाताचा आधार घ्यावा लागतो, जिना चढवत नाही. माणूस म्हणतो गुडघा गेला, पण दुखणं असतं हाडाचं आणि मांसाचं. हे ड भरून दिल्यानं बरं होतं. शेतात राबणाऱ्याला ऊन मिळतं. पण घरात बसलेली म्हातारी, अंगभर पदर घेणारी माउली यांना मिळत नाही. काचेमागचं ऊन उपयोगाचं नाही. हात आणि पाय उघडे ठेवून, ऊन सोसेल तेवढा वेळ अंगणात बसा. सावळ्या कातडीला जरा जास्त वेळ लागतो. शाकाहारी अन्नात ड जवळजवळ नसतंच, म्हणून कमी निघालं तर औषध घ्यावं लागतं, त्यात कमीपणा नाही.

आता आपल्या माळकऱ्यांसाठी सगळ्यात महत्त्वाचं, ते म्हणजे ब-१२. गळ्यात तुळशीची माळ आली की मांस, मासे, अंडी सुटतात. ते चांगलंच. पण ब-१२ धान्यात नाही, डाळीत नाही, पालेभाजीतही नाही. आपल्याला ते फक्त दूध, दही, ताक, पनीर यांतून मिळतं. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या पथकानं पुण्याजवळच्या खेड्यांतल्या गरोदर बायांचं रक्त तपासलं, तर तीनपैकी दोघींत ब-१२ कमी निघालं. आपल्याकडं घरोघरी दूध डेअरीला जातं आणि घरात चहापुरतं उरतं. चहातल्या दोन चमच्यांनी ब-१२ भागत नाही.

ब-१२ चा गुडघ्याच्या गादीशी थेट संबंध नाही. मग मी का सांगतो? कारण ते कमी पडलं की नसा कमजोर होतात. तळपायाला मुंग्या येतात, पाय बधिर होतात, चप्पल पायातून निसटली तरी कळत नाही, अंधारात तोल जातो. पहाटे काकड्याला उठून चालताना असा माणूस पडतो. आणि गुडघा दुखतो म्हणून मलम चोळत बसतो. वेळेत ओळखलं तर ब-१२ च्या औषधानं नसा सुधारतात. उशीर झाला तर पूर्ण सुधारत नाहीत. मधुमेहासाठी वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन घेणारे आणि पित्ताची गोळी रोज घेणारे यांनी ही तपासणी जरूर करावी, त्या गोळ्यांनी ब-१२ आणखी कमी होतं. घरी दिवसाला दोन पेले दूध किंवा तेवढं दही-ताक ठेवा. आधी घरच्या माणसांना, मग डेअरीला.

आता काही धोके सांगतो, ते नीट ऐका.

ड ची ६० हजार युनिटची पुडी किंवा गोळी मिळते. ती साधारण आठवड्यातून एकदा, आणि तीही डॉक्टर सांगतील तितकेच आठवडे घ्यायची असते. ती रोज घेणारी माणसं मी पाहिली आहेत. क आणि ब-१२ जास्त झालं तर बरंचसं लघवीवाटे जातं. ड तसं जात नाही, ते चरबीत साठतं. रक्तात चुना वाढतो, मळमळ, उलट्या, बद्धकोष्ठता होते, भान हरपतं, मूत्रपिंडं खराब होतात. म्हणून शेजारणीला गुण आला म्हणून तिची पुडी आपण घ्यायची नाही.

सांध्यासाठी ग्लुकोसामाइन नावाच्या महागड्या गोळ्या निघाल्या आहेत. अमेरिकेतल्या सांधेतज्ज्ञांच्या संघटनेनं २०१९ साली गुडघ्याच्या झिजेसाठी त्या घेऊ नयेत असंच सांगितलं. आणि माळकऱ्यांनी आणखी एक जाणून घ्यावं, हे ग्लुकोसामाइन बऱ्याचदा कोळंबी आणि खेकड्याच्या कवचापासून काढतात. सोबत कॉन्ड्रॉइटिन असेल तर ते जनावरांच्या कूर्चेपासून. घेण्याआधी विचारा.

बाजारात, जत्रेत बिननावाची चूर्णं मिळतात, दोन दिवसांत दुखणं पळवतात. अशा काही पुड्यांत स्टिरॉइड मिसळलेलं आढळलं आहे. त्यानं साखर वाढते, हाडं ठिसूळ होतात, आणि एकदम बंद केलं तर जीवावर बेततं. तसंच दुखणं मारायच्या गोळ्या. वाटेत घाम गेलेला, पाणी कमी, पोट रिकामं, त्यात दिवसाला तीन-तीन गोळ्या, म्हणजे पोटात व्रण आणि मूत्रपिंडावर घाव. ज्यांना रक्तदाब, मधुमेह, मूत्रपिंडाचा त्रास आहे त्यांनी विचारल्याशिवाय एकही घेऊ नये. आधी दुखऱ्या जागी लावायचं मलम वापरा.

मग खायचं काय? त्यासाठी पुण्या-मुंबईचं दुकान नको, आपलं शिवार पुरेसं आहे. ज्वारीची भाकर, तुरीचं वरण, मुगाची उसळ, अंबाडी, मेथी, चवळी, घोळ, चिवळ, शेवग्याचा पाला. जवसाची आणि कराळाची चटणी. पेरू, बोरं, आवळा, आणि हंगामात आपल्याच जिल्ह्यातली संत्री. ज्येष्ठात आंबा आणि जांभूळ. लिंबू तर बारा महिने. भाजी आधी धुवा, मग चिरा. खायचा सोडा टाकू नका, त्यानं जीवनसत्त्व मरतं. लिंबू भाजी उतरवल्यावर पिळा, क ला आच सोसत नाही. मुगाला मोड आणा, मोडात क वाढतं. आपण सोयाबीन पिकवतो आणि दाणा अन् दाणा बाजारात नेतो. त्यातलं थोडं घरी ठेवा, नीट भाजून दळणात मूठभर टाका. मांडीचं मांस टिकायला त्यातली प्रथिनं लागतात. ज्यांना रक्त पातळ करायची वॉरफेरिनची गोळी चालू आहे, त्यांनी मात्र पालेभाजी एकदम वाढवू किंवा सोडू नये, डॉक्टरांना सांगून करावं.

एकादशीचंही बोलतो. उपवास देवासाठी आहे, त्यात माझं काही म्हणणं नाही. पण दिवसभर साबुदाणा आणि तळलेले बटाटे, म्हणजे नुसता पीठ आणि तेलाचा भार. त्याऐवजी भगर, राजगिरा, शेंगदाणे, रताळं, केळं, काकडी, दही, दूध आहे. राजगिऱ्यात चुना चांगला असतो. उपवासही होतो आणि गुडघ्यावरचं वजनही वाढत नाही.

वजनाचा हिशेब शेतकऱ्याच्या भाषेत मांडतो. २००५ साली अमेरिकेत गुडघे दुखणाऱ्या वजनदार माणसांवर मोजमाप झालं. एक किलो वजन उतरलं, की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोनं कमी होतो. आता वारीत वीसेक किलोमीटरची मजल धरा. पंचवीस हजार पावलं पडतात, म्हणजे एका गुडघ्याच्या वाट्याला साडेबारा हजार. चारनं गुणा. पन्नास हजार किलो, म्हणजे पाचशे क्विंटल! एक किलो उतरवलं तर एका गुडघ्यावरून एका दिवसात पाचशे क्विंटल ओझं उतरतं. पाच किलो उतरवलं तर किती, ते तुम्हीच करा. असं काम करणारी गोळी अजून निघालेली नाही. अर्थात जे आधीच सडपातळ आहेत त्यांनी वजन उतरवायचं नाही, त्यांनी वरण आणि दूध वाढवायचं.

दुसरं काम मांडीचं. मांडीचा पुढचा स्नायू म्हणजे गुडघ्याचा आधार. खाटेच्या कडेला बसा, एक पाय सरळ समोर करा, मांडी आवळा, मनात दहापर्यंत मोजा, हळूच खाली ठेवा. प्रत्येक पायानं दहा वेळा, सकाळ-संध्याकाळ. हरिपाठाला बसण्याआधी करा, म्हणजे चुकणार नाही. सहा-आठ आठवड्यांत फरक कळतो. म्हणून प्रस्थानाच्या दोन महिने आधी सुरुवात हवी. चालणंही तसंच वाढवत न्या. पहिल्या आठवड्यात सोसेल तेवढं, मग दर आठवड्याला थोडं जास्त. वर्षभर गाडीवर फिरायचं आणि पहिल्याच दिवशी वीस किलोमीटर चालायचं, हे गुडघ्याला झेपत नाही. काठी घ्यायची तर दुखऱ्या गुडघ्याच्या उलट हातात. मुक्कामाला उकिडवं बसण्यापेक्षा ओट्यावर, खुर्चीवर बसा. पंगतीत कोणी खुर्ची मागितली तर हसू नका.

आणि काही खुणा दिसल्या तर थांबायचं. गुडघा लाल, गरम आणि अंगात ताप. एकाच पायाची पिंढरी सुजलेली. गुडघा मध्येच अडकतो किंवा दगा देतो. काळी शी. सकाळी तासभर अंग आखडतं आणि हातांची बोटं सुजतात, हा आमवात असू शकतो, त्याचं औषध वेगळं आहे. अशा वेळी दिंडीच्या गाडीत बसून दवाखाना गाठला तर वारी मोडत नाही. पुढच्या वर्षी परत चालता यावं म्हणूनच बसायचं.

शेवटी दिंडीच्या चालकांकडं तीन गोष्टी मागतो. एक, प्रस्थानाच्या दोन महिने आधी साठीच्या पुढच्या सगळ्या वारकऱ्यांची तपासणी, त्यात वजन, रक्तदाब, साखर, आणि ज्यांच्या पायाला मुंग्या येतात किंवा जमिनीवरून उठवत नाही त्यांचं ब-१२ आणि ड. दोन, पंगतीचा बदल. अन्नदाते प्रेमानं बुंदी, शिरा, चिवडा, बिस्किटं देतात. शेगावची पालखी मालेगाव, शिरपूर, रिसोडवरून जाते तेव्हा आपणही तेच देतो. त्यांना आधीच कळवा की माउली, बुंदी अर्धी करा, आणि त्या पैशात मोड आलेली उसळ, पालेभाजी, ताक आणि लिंबू द्या. खर्च तेवढाच येईल. तीन, औषधाच्या पेटीची जबाबदारी एका जाणत्या माणसाकडं द्या, आणि कोणाला कोणती गोळी दिली हे वहीत लिहा.

शंभर वर्षांपूर्वी ही दिंडी ज्यांनी काढली, त्यांना जीवनसत्त्व हा शब्दसुद्धा ठाऊक नसेल. तो शब्द विलायतेतच १९१२ साली निघाला. पण ते भाकर, भाजी, ताक खात होते आणि रोज चालत होते. आपल्याकडं त्यांच्याहून जास्त ज्ञान आहे, तपासण्या आहेत, औषधं आहेत. ती कमतरता भरायला वापरू. वाशीम ते पंढरी चारशेच्या आसपास किलोमीटर आहे. ही वाट आपल्या आया-बहिणींनी सत्तरीतही आपल्या पायांनी चालावी, एवढ्यासाठी हे बोललो.

सभा संपल्यावर मी मागच्या मंडपात बसतो आहे. ज्यांच्या पिशवीत गोळ्या आहेत त्यांनी त्या घेऊन या, कोणती ठेवायची, कोणती सोडायची ते एकेक करून पाहू.

रामकृष्ण हरी!